कोणाकडून आलास?

कुलूपं उघडून देणारा हा माणूस दार उघडलं की पाठ का फिरवतो, असं गिऱ्हाइकं हमखास विचारत. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "कुलूप माझं, आतलं तुमचं." वडिलांनी त्याला काम शिकवलं तेच असं. आधी तीन वेळा टकटक करायची, खोली रिकामी आहे हे माहीत असलं तरी. मग विचारायचं, 'उघडू का?' आणि हो आलं की चावी फिरवायची, दार बोटभर ओढायचं आणि मालक येईपर्यंत पाठ करून उभं राहायचं. कुणाच्या खोलीत काय पडलंय, कुणाचं कपाट भरलेलं आणि कुणाचं रिकामं, यात आपण नाक खुपसायचं नाही. तीस वर्षं तो तसा उभा राहिला, म्हणून बाजारात त्याचं नाव पडलं पाठमोरे. नवी माणसं ते आडनावच समजून पाठमोरेसाहेब अशी हाक मारत, आणि तोही बापडा ओ देत असे.

ही गोष्ट ज्या दिवसाची, त्या दिवशी पाठमोरे सकाळपासून खुशीत होता. त्याचा धाकटा भाऊ नऊ वर्षांनी घरी जेवायला येणार होता, संध्याकाळी साडेसहाला.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे वडील अकरा दिवस अंथरुणाला खिळून होते. अकरा दिवस ते धाकट्याचं नाव घेत राहिले आणि धाकटा आला नाही. तो जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. मातीलाही आला नाही. पाठमोरेचा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असे. त्याने फोनवर सांगून टाकलं, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." शब्द तोंडातून गेला तो गेला.

पुढची दोन वर्षं तो राग त्याने अगदी जिवापाड सांभाळला. जेवताना, कानस घासताना, चर्चच्या शेवटच्या बाकावर पेंगतानासुद्धा. त्याच्या बायकोनं ते पाहिलं आणि एक दिवस त्याला वेसण घातली. पाळकांनी प्रवचनात सांगितलं होतं की मन हे घर आहे, विचार हे दारावर येणारे लोक, आणि कुणाला आत घ्यायचं ते घरात राहणाऱ्यानं प्रभूला विचारून ठरवायचं. मंडळीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरून गेले. हिनं मात्र त्याचा नियमच करून टाकला. नवरा ताटासमोर जबडा आवळून बसला की ती विचारायची, "कोण आलंय हो?"

"कोण म्हणजे? कुणी नाही."

"कुणीतरी आलंय. तोंडच सांगतंय. विचारा त्याला, कोणाकडून आलास? प्रभूकडून आला असेल तर शांतपणे नाव सांगेल आणि थांबेल. दुसरीकडून आला असेल तर चुळबुळ करेल."

"मी कुलूपवाला. मला दाराचं शिकवतेस?"

"तुम्ही लोकांची दारं उघडता. तुमचं स्वतःचं तर सताड उघडंच आहे."

पहिल्यांदा तो डोक्यात राख घालून उठून गेला. मग एकदा गंमत म्हणून त्याने विचारलं. मग सवयच लागली. धाकट्याविषयी काही कडू मनात आलं की तो हातातलं काम थांबवून विचारायचा, 'कोणाकडून आलास?' आणि प्रार्थनेचे दोन शब्द बोलायचा. कडू विचाराला त्यावर कधीच उत्तर सुचत नसे. सात वर्षांत ते विचार यायचे कमी झाले, आणि बायको धाकट्याला लपूनछपून नाही, चांगली नवऱ्याच्या समोर बसून पत्रं लिहायला लागली. प्रत्येक पत्राच्या शेवटी तिची तीच ओळ असायची: मनात काही वाकडं आलं तर दाराशीच विचारा, भाऊजी, कोणाकडून आलास म्हणून. शेवटी एका पत्रात खाली पाठमोरेनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ये.'

तर त्या दिवशी दुपारी अडीचला फोन आला. रस्त्याच्या टोकाला, लाकडाच्या वखारीपलीकडे एकटंच घर होतं. तिथे राहणाऱ्या बाईंनी शाळेत अर्ध्या गावाला गणित शिकवलं होतं. त्यांना एका खोलीचं कुलूप उघडून हवं होतं.

"पाचच्या आत या," बायको म्हणाली. "आणि येताना पाव आणा."

बाईंच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. खिडक्या उघड्या होत्या, ऊन थेट फरशीवर पडलं होतं. तरी त्या घरात एक गोष्ट पाठमोरेच्या लगेच लक्षात आली. आवाज नव्हता. वखारीतली करवत बाहेर कर्कश चालली होती, पण उंबरा ओलांडला आणि ती कुणी झाकून टाकावी तशी बंद झाली.

लांब बोळाच्या टोकाला ते दार होतं. जुनं, जाड, बाहेरच्या बाजूला उघडणारं.

"ताईची खोली," बाई म्हणाल्या. "माझी मोठी बहीण. तिला जाऊन चार महिने झाले. जायच्या आठ दिवस आधी तिनं स्वतःच कुलूप लावलं आणि चावी नदीत टाकून आली."

"आत काय आहे?"

"पलंग, खुर्ची. दुसरं काही नाही."

"मग उघडायचं कशाला, बाई?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "असंच. आपल्याच घरात बंद खोली बरी वाटत नाही." आयुष्यभर पोरांच्या थापा पकडणाऱ्या बाईला स्वतःला मात्र थाप मारता येत नव्हती. पाठमोरेला थोडं हसू आलं आणि मनात पालही चुकचुकली. पण आतलं आपलं नाही, म्हणून तो गुडघ्यावर बसला. बाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.

चावी हरवलेल्या जुन्या कुलपाला नवी चावी बसवायची त्याची एक रीत होती. मेणबत्ती पेटवायची, कोरी चावी ज्योतीवर धरून काजळीनं काळी करायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची. बाहेर काढली की आतल्या पट्ट्या जिथे लागल्या तिथे काजळी पुसलेली दिसते. तिथे कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. हे काम घाईचं नाही. तो प्रत्येक वेळी चावी काढायचा तेव्हा भोकातून थोडी थंड हवा यायची, बंद ट्रंकेसारखा आणि ओल्या लोखंडासारखा वास घेऊन. मेणबत्तीची ज्योत दाराकडे झुकत होती. हवा बाहेर येते आहे तर ज्योत आत का झुकते, एवढं त्याला कळायला हवं होतं. पण त्याचं अर्धं चित्त धाकट्याकडे होतं. तो जाड झाला असेल का, केस राहिले असतील का.

पाचव्या खेपेला पट्ट्या सुटल्याचं बोटांना कळलं. त्याने चावी तशीच ठेवली, उठला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं दारावर तीन वेळा टकटक केली.

"उघडू का?"

"उघड."

आवाज अगदी जवळून आला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या असतील असं त्याला वाटलं. त्याने चावी फिरवली, दार बोटभर ओढलं आणि पाठ फिरवली.

समोर बोळ रिकामा होता. पार पलीकडे, स्वयंपाकघरात, बाई कपात चहा गाळत उभ्या होत्या.

 पाठमोरे मात्र हलला नाही.

'धाकटा येतोय ना आज,' असं त्याच्या मनात आलं.

येतोय, तो मनातच म्हणाला.

'अकरा दिवस बाबा त्याचं नाव घेत होते. उशाशी तू होतास. तुझं नाव एकदाही घेतलं नाही.'

हे खरं होतं. ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तेव्हाच त्याच्या मानेला थंड श्वास लागला. हे आपल्या मनात येत नव्हतं. ते मागून, दाराच्या फटीतून येत होतं, त्याच्याच आवाजात, अगदी समजूतदारपणे.

"शेवटच्या दिवशी तू फोन बाबांच्या कानाला लावलास... आणि बाहेर गेलास. ते धाकट्याला काय म्हणाले... तुझ्याबद्दल... तुला माहीत नाही."

"नाही," पाठमोरे पुटपुटला.

"इथे सगळं आहे. नुसतं मागे वळ. एकदाच बघ... मग त्याला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव."

आणि खरं सांगायचं तर त्याला वळायचं होतं. भीतीपोटी नाही, जिवाच्या आकांतानं त्याला जाणून घ्यायचं होतं. नऊ वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मन आतल्या आत कुरतडलं गेलं, ती बोटभर फटीमागे होती. त्याचा उजवा खांदा थोडा वळलासुद्धा. आणि त्याला लख्ख कळलं की हे ऐकून घरी गेलो तर संध्याकाळी दाराशी आलेल्या भावाला मी आत घेणार नाही. ते काय सांगेल ते खरं असो की खोटं, भाऊ जाईल.

त्याने खांदा परत आणला.  "कोणाकडून आलास?" त्याने विचारलं.

 आता नेहमीसारखं हे गप्प होईल, असं त्याला वाटलं.

"तुझ्याकडूनच," आवाज म्हणाला.

सात वर्षांत त्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर आलं होतं.  आपलंच आहे म्हटल्यावर त्याला हाकलायचं तरी कसं? त्याने डोळे मिटले आणि प्रभूचं नाव घेतलं. पाठ केलेली कुठलीच प्रार्थना आठवेना. आठवली ती फक्त बायको, पिठाच्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारणारी.

"मग खोटं बोलतोयस," तो म्हणाला. "मी माझा नाहीच आहे. मी प्रभूचा आहे. माझ्या नावावर तुला आत येता येणार नाही."

त्याने पाठ तशीच ठेवून हात मागे नेला, दाराची कड धरली आणि दार लोटायला लागला. बोटं कडेवरून आतल्या बाजूला गेली आणि त्यांना चावीच्या भोकाभोवती ओरखडे लागले. बारीक, शेकडो. असे ओरखडे त्याला चांगले माहीत होते. नजर अधू झालेली म्हातारी माणसं आणि दारू पिऊन घरी येणारे लोक चावीचं भोक चाचपडतात तेव्हा ते पडतात. पण ते पडतात दाराच्या बाहेरून. इथे ते आतून होते.

त्याने दार पाठीनं दाबून बंद केलं आणि मागे न बघता चावी फिरवली.

बाई ट्रे घेऊन आल्या तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. "उघडलं?"

"उघडलं होतं. परत लावलं. बाई, तुम्हाला आतून काय ऐकू येतं?"

 बाई खाली बसल्या. "रोज चारच्या सुमाराला," त्या हळूच म्हणाल्या. "आधी वाटायचं मीच विचार करतेय. माझाच आवाज. ताई माझ्याबद्दल काय काय म्हणायची ते सगळं आत आहे, ये, ऐक, असं..." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "शेवटी शेवटी ताई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती. दिवसभर त्या खोलीत बसायची. मग एका दुपारी बाहेर आली, कुलूप लावलं आणि मला मिठी मारली. म्हणाली, तुझ्यावरचा राग आत ठेवून आले. पुढचे आठ दिवस आम्ही दोघी लहान मुलींसारख्या राहिलो."

"मग ताई तुमच्याबद्दल काय म्हणायची ते तर तुम्हाला माहीत आहे," पाठमोरे म्हणाला. "मिठी मारून सांगितलं की."

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती चावी मोडा."

त्याने पिशवीतून करवत काढली आणि नव्या चावीचे दोन तुकडे केले. चहा गार झाला होता, तो दोघांनी प्यायला. बायकोचा प्रश्न त्याने बाईंना शिकवला आणि तुझ्याकडूनच असं उत्तर आलं तर काय म्हणायचं तेही. बाईंनी ते शाळेतल्यासारखं दोनदा म्हणून पाहिलं. उद्या बायकोला तुमच्याकडे पाठवतो, असं सांगून तो निघाला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्याबरोबर वखारीतली करवत कानात शिरली, आणि एवढा कर्कश आवाज त्याला कधी इतका गोड लागला नव्हता.

पाव घेऊन तो पाचला घरी पोचला. स्वयंपाकघर वाफेनं भरलं होतं. बायको पीठ मळत होती. त्याने सगळं सांगितलं, वडिलांनी आपलं नाव घेतलं नव्हतं तेसुद्धा. तिनं पिठाचा हात त्याच्या हातावर ठेवला.

"अहो, पण आत होतं कोण?"

"पाहिलं नाही."

"आणि दार उघडं होतं तेवढ्यात बाहेर काय आलं?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. पाठ तर दाराकडे होती. "तेही पाहिलं नाही," तो म्हणाला.

सव्वासहा झाले. बाहेर अजून उजेड होता. तीन ताटं मांडून झाली होती. पाठमोरे टेबलाशी बसून पाव कापत होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीन वेळा, सावकाश, सारख्या अंतरानं.

बायको हात पुसत हसत दाराकडे निघाली.

"उघडू का?" बाहेरून आवाज आला.

तिचा हात कडीवर होता. ती हळूहळू वळली आणि नवऱ्याकडे बघितलं. तो टेबलाशी बसलेला, सुरी पावात अर्धी रुतलेली. बाहेरचा आवाज त्याचाच होता.

"उघडू का?" पुन्हा विचारलं गेलं. अगदी नम्रपणे.

तिनं कडीवरचा हात काढला नाही. पण तोंड दाराजवळ नेलं आणि दूधवाल्याला विचारावं तसं विचारलं, "कोणाकडून आलास?"

उत्तर आलं नाही. पावलं गेल्याचाही आवाज आला नाही.

ती परत येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघांनी मिळून प्रार्थना केली, छोटीशीच. साडेसहा झाले. पावणेसात. सात. पातेल्यावरची वाफ थांबली. धाकटा येत नाही, असं पाठमोरेच्या मनात आलं, नऊ वर्षांपूर्वी आला नाही तसाच. त्याने त्या विचाराला प्रश्न विचारला आणि पाव झाकून ठेवला. दहा मिनिटांनी तोच विचार पुन्हा आला. त्याने पुन्हा विचारलं. बायको म्हणाली, "आज तुमच्या दारावर फार गर्दी आहे." या अवस्थेतही त्याला हसू आलं.

सव्वासातला कुणीतरी दार धडाधडा वाजवलं. "दादा! वहिनी! मी आहे."

आता मात्र पाठमोरे स्वतः उठला आणि दार उघडलं. धाकटा घामानं निथळत उभा होता. केस राहिले नव्हते. दोघे एकमेकांकडे बघत राहिले, मग धाकट्याने पिशवी खाली टाकली आणि मोठ्या भावाच्या गळ्यात पडला. पाठमोरेच्या छातीवरची नऊ वर्षांची शिळा उतरली.

पाणी प्यायल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, तू मघाशी कोपऱ्यावर का आला होतास?"

पाठमोरेनं बायकोकडे पाहिलं.

"सहाच्या सुमाराला. पाठ करून उभा होतास, मी हाक मारली तरी वळला नाहीस. म्हणालास, बायकोनं लिहायला लावलं म्हणून लिहिलं, माझ्या मनात तसं नाही, जा परत. मी परत गेलो, दादा. थेट बसथांब्यापर्यंत. गाडीसुद्धा आली होती. पायरीवर एक पाय ठेवला आणि वहिनीच्या पत्रातली ओळ आठवली. मग पळत कोपऱ्यावर आलो. तू तसाच उभा. विचारलं, कोणाकडून आलास?"

"मग?" वहिनीनं विचारलं.

"काही बोलला नाही. नुसता उभा राहिला. मी त्याला ओलांडून आलो. तोंड बघायची हिंमत झाली नाही."

बायकोनं उठून दाराला कडी घातली आणि जेवण गरम केलं. तिघे जेवले, भरपेट जेवले. जेवताना धाकट्याने आपणहून सांगितलं की त्या वेळी सुट्टी मिळाली असती, त्यानेच मागितली नाही, बाबांना तसं बघायची भीती वाटली. "आणि त्या फोनवर बाबा काही बोललेच नाहीत, दादा. नुसता श्वास ऐकू येत होता. मी तिकडे रडत होतो."

पाठमोरेनं मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी एक पाव वाढला. एवढा आनंदी तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

धाकटा पुढच्या खोलीत झोपला. सकाळी पाठमोरे उठला तेव्हा तो स्वयंपाकघरात वहिनीला जहाजावरच्या गमती सांगत होता आणि ती खो खो हसत होती. पाठमोरे दूध घ्यायला दाराशी गेला. कडी जशीच्या तशी होती. त्याने ती काढायला हात घातला आणि बोटांना काहीतरी खरखरीत लागलं.

चावीच्या भोकाभोवती बारीक ओरखडे होते. ताजे, रंगाचा भुगा अजून चिकटलेला. दाराच्या आतल्या बाजूला.

'पुढच्या खोलीत रात्री धाकटाच होता. हे त्याचंच काम,' असं त्याच्या मनात आलं.

पाठमोरे दाराशी थांबला. स्वयंपाकघरात भाऊ हसत होता. "कोणाकडून आलास?" त्याने अगदी हळू विचारलं.

उत्तर आलं नाही. पण त्याच्या मानेला थंड श्वास लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दार उघडलं, दूध घेतलं आणि भावाला चहा टाकायला सांगितलं.